जाळीच्या अलीकडे बाबा

बाबांना तिकडे न्यायचं नाही, असं मी नवऱ्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तो ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे आणि त्या शनिवारी त्याची ड्यूटी होती. तो म्हणाला, "मग घरात एकटे ठेवणार त्यांना दिवसभर? गॅस सुद्धा लावता येत नाही त्यांना इथला." मी म्हटलं, "राहू देत." तर त्याने आपलं जाकीट आणून बाबांच्या खुर्चीवर ठेवलं. शेवटी गाडीत मी, माझी तेरा वर्षांची मुलगी आणि मागच्या सीटवर नवऱ्याचं जाड जाकीट घालून बसलेले बाबा, असे आम्ही स्वोर्ड्सच्या आमच्या घरून निघालो.

ॲथलोनच्या पुढे, आडरस्त्याला, सुटका केलेल्या चिंपांझींसाठी एक आश्रयकेंद्र आहे. परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून सोडवलेल्या तीन चिंपांझी माद्या तिथे ठेवल्या होत्या. सगळ्यांना येऊ देत नाहीत. जे एखाद्या प्राण्याच्या खर्चाला हातभार लावतात, त्यांना वर्षातून एकदा बोलावतात. माझ्या मुलीने दोन वर्षं वाढदिवसाची भेट म्हणून या वर्गणीशिवाय दुसरं काही मागितलंच नव्हतं. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मादीचा फोटो तिच्या पलंगाशेजारी लावलेला आहे.

आणि माझे बाबा नागपूरला औषधांच्या एका प्रयोगशाळेत, जिथे प्रयोगासाठी प्राणी ठेवतात त्या विभागात, तीस वर्षं नोकरीला होते. त्यांच्याकडे माकडं होती. लाल तोंडाची साधी माकडं. शाळेत मी कुणालाच हे सांगत नसे. "बाबा कंपनीत आहेत," एवढंच. पण ते संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कपड्यांना फिनाईलचा आणि त्याखाली आणखी कसला तरी एक वास यायचा, आणि माझी मैत्रीण घरात असली तर मी तिला घेऊन गच्चीवर जायचे.

ते मला मारायचे नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं की एवढा राग असायला मार खाल्लेला असला पाहिजे. मी नऊ वर्षांची असताना मला टायफॉइड झाला होता आणि मी गोळी घेत नव्हते. आई अर्धा तास मनधरणी करत होती. बाबा आले, डाव्या हाताने त्यांनी माझी मान मागून धरली, उजव्या हाताचा अंगठा गालात दाबला आणि माझं तोंड आपोआप उघडलं. गोळी आत, हनुवटी वर, गळ्यावरून एक बोट खाली. मी गिळली. चार सेकंद लागले असतील. ते चेहऱ्यावर काहीही न आणता हात धुवायला गेले. दुखलं मुळीच नाही. पुढे कितीतरी वर्षं मी मानेला कुणाला हात लावू दिला नाही.

हे जुनं झालं. ताजं म्हणजे आई. मागच्या वर्षी ती गेली तेव्हा ती सहा दिवस दवाखान्यात होती, आणि बाबांनी मला फोन केला तो सगळं आटोपल्यावर. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" तर म्हणाले, "तू येऊन काय करनार होती?" त्यानंतर माझ्या भावाने त्यांना तीन महिन्यांसाठी माझ्याकडे पाठवलं. मी नाही म्हटलं नाही. पण चांगलं वागलेही नाही. त्यांचं ताट वाढायचं, बीपीची गोळी समोर ठेवायची आणि ऑफिसच्या कॉलवर जाऊन बसायचं. ते दिवसभर खिडकीतून बसथांब्याकडे बघत असायचे.

मुलीला मी बाबांच्या नोकरीचं कधी नीट सांगितलं नव्हतं. "आबाजी प्राण्यांची काळजी घ्यायचे," असं लहानपणी बोलून गेले होते, तेच तिच्या डोक्यात होतं. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते, तेही इथे वाढल्यामुळे पक्क्या आयरिश ढंगात. ती जे बोलली ते मी इथे मराठीत लिहिते आहे.

गाडीत ती मागे वळून म्हणाली, "आबाजी, तुम्हाला आवडेल तिथे. पण त्यांना मंकी म्हणू नका हां. ते एप आहेत. त्यांना शेपूट नसते."

बाबा म्हणाले, "आमच्याकडे सारे माकडंच."

फाटकापाशी एक साठीची बाई उभी होती. गमबूट, पुरुषी स्वेटर, हातात किल्ल्यांचा जुडगा. केंद्र तिनेच उभं केलेलं होतं. हसणं नाही, हात मिळवणं नाही. आम्हाला एका शेडमध्ये नेऊन तिने नियम सांगितले. पिवळ्या रेघेच्या पलीकडे जायचं नाही. दात दाखवून हसायचं नाही. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. बोट दाखवायचं नाही. चष्मे, कानातलं, स्कार्फ, जे लोंबतं ते सगळं प्रेसमध्ये ठेवायचं. बाबा इकडे-तिकडे पाहू लागले तशी मुलीने त्यांना भिंतीतलं कपाट दाखवलं; इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मुलीने आपला शाळेचा लोकरी स्कार्फ काढून ठेवला. बाबांनी घड्याळ काढलं, चष्मा काढला, आणि न सांगता शर्टाच्या खिशातलं पेनही काढलं. त्या बाईने ते पाहिलं.

"त्याला माहीत आहे वाटतं," ती म्हणाली.

मुलगी अभिमानाने म्हणाली, "माझे आजोबा माकडांबरोबर काम करायचे. भारतात. तीस वर्षं."

बाईचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. "अभयारण्यात?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. म्हटलं, "त्या विचारतायत, तुम्ही माकडांचं काय काम करत होतात."

बाबा सरळ उभे राहिले. आल्यापासून कुणी त्यांना त्यांच्याबद्दल काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती, हे मला आत्ता लिहिताना जाणवतं आहे. ते म्हणाले, "सांग तिले, पिंजरे धुवाचे, खाऊ घालाचं, औषध द्याचं. कोनाले प्रयोगासाठी न्याचं असलं का मीच पकडून द्याचो. दुसऱ्याच्या हातात घाबरत ते, चावत. माह्या हातात नोते घाबरत. आन् शेवटी झोपवाचं असलं तरी मीच झोपवाचो. दुसऱ्या कोनाले करू देत नोतो मी."

मी त्या बाईला इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. "ते प्रयोगासाठी माकडं पकडून द्यायचे. मग मारायचे."

हे चुकून झालं नाही. मी दोन्ही भाषा येणारी बाई आहे आणि मी शब्द निवडला. पिंजरे धुणं, खाऊ घालणं, औषध, घाबरणं, सगळं गाळलं आणि राहिलेल्यासाठी 'किल' हा शब्द वापरला. तो उच्चारताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिने बाबांचं मराठी ऐकलं होतं, पण वऱ्हाडी ती अर्धवटच समजते, आणि शिवाय मी, तिच्या आईने, सांगितलेलं तिच्यासाठी जास्त खरं होतं.

बाई म्हणाली, "हा माणूस माझ्या म्हातारीच्या समोर येणार नाही."

"ते काही करणार नाहीत," मी म्हटलं. माझ्या बोलण्यात जीव नव्हता.

"तिला चौतीस वर्षं अशाच एका माणसाने सांभाळलं. फार मऊ हाताचा होता म्हणे. अजूनही त्या वयाचा पुरुष दिसला की ती भिंतीकडे तोंड करून बसते. तुमच्या मुलीने दोन वर्षं पत्रं लिहिली आहेत म्हणून तुम्हाला हाकलत नाही. पण युअर मॅन त्या झाडापाशी थांबेल. मागे." समोर उभ्या असलेल्या माणसालाही इथे असं म्हणतात, तो तिथे नसल्यासारखं.

मी बाबांना म्हटलं, "तुम्ही झाडाखाली थांबा."

"काऊन?"

"त्यांचा नियम आहे."

ते आणखी काही न विचारता गेले. उतारावर एक मोठं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी टोपी सारखी करत उभे राहिले.

तिघींचं आवार मोठं होतं. बाहेर मोकळं गवत आणि लाकडी मचाणं, आणि अलीकडे जाळी लावलेली लांबट खोली. म्हातारी जाळीला टेकून बसली होती. फोटोतल्यापेक्षा खूप बारीक. पाठीवरचे केस गेलेले, खालचा ओठ लोंबलेला. दुसऱ्या दोघी लांब बसून आमच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या पाहण्यात मैत्री अजिबात नव्हती. एकीने अंगावरून हात फिरवत फिरवत एकदम जाळीवर थाप मारली. मी दचकले. बाई म्हणाली, "तुम्ही त्यांना आवडला नाहीत. कुणीच आवडत नाही त्यांना. ते ठीकच आहे."

मुलगी रेघेमागे जाळीकडे तोंड करून उभी होती. तिने बाबांकडे एकदाही वळून पाहिलं नाही. वारा सुटला होता आणि ती कुडकुडत होती. मी शेडमध्ये जाऊन तिचा स्कार्फ आणला आणि तिच्या गळ्याला गुंडाळला. नियम आठवत होता. पण त्या बाईचा मला इतका राग आला होता, तिच्या बोलण्याचा, आमच्याकडे बघण्याचा, की माझ्या मुलीने थंडीत का कुडकुडावं असं झालं मला. बाई तेव्हा शेंगदाणे आणायला मागच्या खोलीत गेली होती. जाताना सांगून गेली होती, "रेघेच्या मागेच राहा. खाऊ पाईपातून टाकायचा, मी आल्यावर."

मुलीच्या हातात बाईने आधी दिलेली द्राक्षं होती. त्यातलं एक पडलं, घरंगळत रेघेपलीकडे गेलं. ती ते उचलायला वाकली.

म्हातारीचा हात जाळीतून किती लांब येईल याची मला कल्पना नव्हती. काळी, लांब बोटं आली आणि स्कार्फच्या झालरीत अडकली. ओढलं ते रागाने की नुसतं हवं म्हणून, मला सांगता येणार नाही. मुलगी जाळीवर आपटली. मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. जेवढी मी ओढत होते तेवढा स्कार्फ गळ्याला आवळत होता, आणि मला ते कळत होतं, पण हात सुटत नव्हते. मुलीच्या तोंडून आवाज येईना. बाकीच्या दोघी किंचाळत भिंतींवर आपटू लागल्या.

तेवढ्यात छातीत कोपर बसलं आणि मी बाजूला पडले. झाडापासून धावत आलेले बाबा होते. त्यांनी मुलीची मान मागून धरली आणि तिला मागे न ओढता पुढे ढकललं, जाळीला अगदी चिकटवलं. ते पाहून मी ओरडले. पण स्कार्फ सैल झाला. त्यांनी मान खाली घातलेली होती, म्हातारीकडे त्यांनी पाहिलंच नाही. दुसऱ्या हाताने एक वेढा काढला, मग दुसरा, आणि मुलीला खाली बसवून रेघेच्या मागे सरकवलं. स्कार्फ जाळीतून आत गेला. सगळं किती पटकन झालं! तोच हात होता. मी ओळखला.

बाई धावत आली तेव्हा तिला काय दिसलं, तर माझे बाबा जाळीपाशी, म्हातारी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून थरथरतेय, आणि माझी मुलगी जमिनीवर खोकतेय.

"त्या माणसाला इथून काढा!" ती किंचाळली. "मी सांगितलं होतं! आत्ताच्या आत्ता!"

बाबा मुलीचा गळा तपासायला वाकले. मुलीने त्यांचा हात झटकला. "मला हात लावू नका," ती म्हणाली, आणि हे मात्र तिने मराठीत म्हटलं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. स्कार्फ मी आणला. ओढलं मी. यांनी सोडवलं. तीन वाक्यं होती. पण मी मुलीला उठवलं, बाबांना "चला" म्हटलं आणि गाडीकडे निघाले. बाई फाटकापर्यंत मागे मागे येत बोलत होती. बाबांचं घड्याळ आणि चष्मा तिने फाटकावरून माझ्या हातात दिले. पेन दिलं नाही. ते मागावं असं माझ्या मनात आलं नाही.

गाडीने ॲथलोन मागे टाकलं. मग मुलगी पुढे बघत म्हणाली, "आई, तू मला खोटं सांगितलं होतंस. काळजी घ्यायचे म्हणाली होतीस."

मी म्हटलं, "घ्यायचेच की."

"मारायची म्हणून काळजी घेतात?"

बाबांनी मागून विचारलं, "काय म्हनते ते?"

"काही नाही."

"गया दुखते का तिचा?"

"नाही दुखत. गप बसा ना बाबा जरा."

ते खिडकीतून बाहेर बघत बसले. स्वोर्ड्स येईपर्यंत.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात जे वातावरण होतं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. मुलगी बाबा असलेल्या खोलीत जेवेना. ती आपलं ताट वर घेऊन जायची. नवऱ्याने मला खोदून खोदून विचारलं, मी त्याला अर्धंच सांगितलं. बाबा वेळेच्या आधी जातो म्हणाले नाहीत, तिकीट होतं त्या दिवशीच गेले. विमानतळावर त्यांनी नातीला हाक मारली. ती फोनमध्ये बघत होती. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही.

ते गेल्यावर चार-पाच दिवसांनी मी मुलीला सगळं सांगितलं. कशामुळे सांगितलं, ठाऊक नाही. ती स्वयंपाकघरात दूध पीत होती आणि तिच्या गळ्यावरचा ओरखडा जवळजवळ गेला होता, तो मला दिसला, बहुतेक म्हणून. बाबा काय बोलले होते ते एकेक वाक्य सांगितलं आणि मी काय सांगितलं तेही.

तिने ग्लास ठेवला. "पण मग मारायचे की नाही?"

"शेवटी तेही त्यांनाच करावं लागायचं."

"मग तू सांगितलंस ते खरं होतं."

"खरं होतं. पण मी ते खरं सांगायचं म्हणून नाही सांगितलं."

तिने ग्लास विसळून पालथा घातला. मग म्हणाली, "मला वाटायचं आबाजी भयानक आहेत. तुम्ही दोघंही भयानक आहात." आणि निघून गेली. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. त्या केंद्राला तिने स्वतः मेल लिहिली, स्कार्फ कुणी आणला, कुणी सोडवलं, सगळं. दोन दिवसांनी चार ओळींचं उत्तर आलं. कळवलं ते चांगलं झालं, पण म्हातारीने त्या दिवसापासून जाळीपाशी बसणं सोडलं आहे, आणि तुमच्या कुटुंबाने पुन्हा येऊ नये. मुलीने ते मला दाखवलं नाही. उघडा लॅपटॉप मीच वाचला.

मग एका रविवारी मी बाबांना फोन लावला. नागपुरात उन्हाळा होता, मागे कूलरचा आवाज होता. मी म्हटलं, "बाबा, तिथे मी तुमचं नीट सांगितलं नव्हतं. त्या बाईला."

ते म्हणाले, "ठाऊक हाय मले."

"म्हणजे?"

"किल म्हनली तू. मले ऐकू आलं ना. तीस वर्सं इंग्रजीतले रजिस्टर भरले मी. तेवढा एक शब्द समजते मले."

मग मी विचारलं, "मग तिथे बोलला का नाहीत?"

"काय बोलू? नोते मारले म्हनू?" मग ते म्हणाले, "तुले बोलाचं होतं, तू बोलली. आईच्या वेळचं बी तुह्या पोटात हाय, ते बी दिसते मले."

"मग त्याचं काय?" मी म्हटलं. माझा आवाज चढला. "दिसतं तर मग तेव्हा फोन का नाही केलात? सहा दिवस होते तुमच्याकडे."

ते म्हणाले, "तुही आई तोंड उघडत नोती शेवटी. औषध जात नोतं. मले बी नाही उघडता आलं तिचं तोंड. मंग तुले बलावून काय दाखवू?"

मी फोन ठेवला. त्यांच्या आधी. रडले वगैरे नाही, रागच आला होता, आणि तो अजून आहे. ते असं बोलले म्हणून सहा दिवस परत मिळत नाहीत. नवऱ्याला वाटतं, आता काही तरी निवळलं असेल. तसं काही झालेलं नाही. मी दर रविवारी फोन करते, बीपी किती आहे विचारते, ते आकडा सांगतात. मुलगी आता माझ्याशी बोलते, कामापुरतं. परवा तिने विचारलं, आबाजींनी पकडलेलं माकड त्यांना खरंच घाबरायचं नाही का. मी म्हटलं, मला माहीत नाही, तूच विचार. "माझं मराठी त्यांना कळत नाही," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना," मी म्हटलं. तर म्हणाली, "तू नको," आणि फोन घेऊन बाहेर बागेत गेली. काय बोलली, किती बोलली, मला ऐकू आलं नाही. काचेतून दिसत होतं, तेवढं पाहिलं. एका हाताने ती आपल्या गळ्याभोवती एकेक वेढा काढल्यासारखं काहीतरी करून दाखवत होती, फोनवरच्या माणसाला दिसत नसताना.